मोबाईल कामाला जातो, संगणक घरी राहतो

मी पुण्यात वस्त्यांमधल्या बचत गटांचं काम बघते. आज मुलांसाठी घरात संगणक आणण्याविषयी बोलू या.

तुम्ही म्हणाल, घरात मोबाईल आहे की! आहे, पण दिवसा तो कुठे असतो? आमच्याकडच्या बऱ्याच जणी धुणीभांडी, स्वयंपाकाच्या कामाला जातात. एक मोबाईल आईच्या पर्समध्ये, दुसरा बाबांच्या खिशात. मुलं अभ्यासाला बसतात तेव्हा घरात एकही नसतो. तुमच्याकडे तो शेतावर जातो, एवढाच फरक. संगणक मात्र घरीच राहतो.

आपल्या देशाचा ‘परम’ महासंगणक १९९१ साली पुण्यातच, सी-डॅकमध्ये तयार झाला. तरी २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या खेड्यांत शंभरातल्या जेमतेम चार घरांत संगणक होता, शहरांत सुमारे तेवीस घरांत. नवा घेणं आपल्याला झेपत नाही. पण वापरलेला, दुरुस्त केलेला संगणक बराच स्वस्त मिळतो आणि गटाच्या अंतर्गत कर्जातून तो घेता येतो. सगळ्यांना एकदम नको. आधी दोघी-तिघींना कर्ज द्या, त्यांचे हप्ते आले की पुढच्या दोघींना. कर्ज तिच्या नावावर, तसं बिलही तिच्याच नावाचं घ्या. उद्या कुणी ती वस्तू विकायला काढली, तर गटाला जाब विचारता येतो.

दुकानात अर्धा तास संगणक चालवून बघा. प्रत्येक बटण दाबा, आवाज ऐका. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरी किती टिकते ते पाहा. वॉरंटी बिलावर लिहून घ्या. ‘लिनक्स’ आणि ‘लिब्रे ऑफिस’ फुकट मिळतात, ते घालून मागा.

रोज इंटरनेट लागतंच असं नाही. रात्री आईच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बालभारतीची पुस्तकं आणि ‘स्टोरीवीव्हर’वरच्या मराठी गोष्टी उतरवून ठेवा. दोन्ही फुकट आहेत. दुसऱ्या दिवशी नेटशिवाय वाचता येतात.

आता घरातले नियम. मुलगी भांडी घासून येईपर्यंत मुलगा जागा सोडत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून पाळ्यांचा कागद भिंतीवर लावा, मुलीची पाळी दिवसाउजेडी ठेवा. अगदी लहानांना जपा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. तो एक तासही आपण शेजारी बसून, गोष्ट वाचून दाखवत घालवावा. तेवढ्यात आपलाही हात कीबोर्डवर बसतो आणि गटाचा हिशेब मांडायला उपयोगी पडतो.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकच प्रश्न विचारा : मुलं अभ्यासाला बसतात, तेव्हा तुमच्या घरातला मोबाईल कुठे असतो? उत्तरं वहीत लिहा. पहिलं कर्ज कुणाला द्यायचं, ते त्या वहीतूनच कळेल.