मुक्या जिवांवरचा आळ



संत नामदेवांची एक कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. कुत्र्याने पोळी तोंडात धरून पळ काढला, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरणार, एवढीच त्यांची चिंता होती. मार्च २०२० मध्ये मात्र याच महाराष्ट्राच्या शहरांतून निराळे दृश्य दिसले. घरात लाडाने वाढविलेली काही कुत्री-मांजरे केवळ भयापोटी रस्त्यावर सोडण्यात आली. टाळेबंदीमुळे उपाहारगृहे बंद असल्याने रस्त्यावरच्या प्राण्यांना उष्टेही मिळेनासे झाले होते. त्यांच्यावर आळ एकच होता, की ते कोरोना पसरवितात. हा आळ कितपत खरा, हे शांत चित्ताने तपासले पाहिजे.

‘कोरोना’ हे एका विषाणूचे नव्हे, तर विषाणूंच्या एका मोठ्या कुळाचे नाव आहे. कुत्र्यांच्या काही लसींच्या कुपीवर हा शब्द २०२० च्या कितीतरी आधीपासून छापलेला आढळतो. तो विषाणू पिल्लांना हगवण लावतो. कोविडचा विषाणू त्याहून वेगळा आहे. याच कुळातील काही विषाणू प्राण्यांकडून माणसाकडे आले, हेही तितकेच खरे. २००२-०३ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून पसरलेल्या सार्सचा माग बाजारात विकल्या जाणाऱ्या उदमांजरांपर्यंत आणि पुढे वटवाघळांपर्यंत लागला. २०१२ मध्ये सौदी अरेबियात आढळलेल्या मर्सचा संबंध उंटांशी जोडला गेला. कोविडच्या उगमाचा वाद अद्याप मिटलेला नाही. तथापि फेब्रुवारी २०२० मध्ये चीनने वन्यप्राण्यांचा खाण्यासाठी होणारा व्यापार बंद केला, ही गोष्ट बोलकी आहे.

घरातील प्राण्यांचे काय? फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस हाँगकाँगमध्ये एका रुग्णाच्या सतरा वर्षांच्या पोमेरेनियन कुत्र्यात विषाणूचा अंश सापडला आणि जगभर खळबळ उडाली. परंतु संसर्गाची दिशा कोणती होती? माणसाकडून कुत्र्याकडे! त्याच वर्षी चीनमधील हार्बिन येथे झालेल्या प्रयोगांत मांजरांना हा संसर्ग सहज होतो, कुत्र्यांना अल्प प्रमाणात होतो आणि कोंबड्या, बदके व डुकरांना होत नाही, असे दिसले. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील वाघिणीला बाधा झाल्याचे जाहीर झाले. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांना बाधा झाल्याचे जाहीर झाले. ते बरे झाले. पुढच्याच महिन्यात चेन्नईजवळच्या वंडलूर येथील नीला ही सिंहीण मात्र दगावली. पिंजऱ्यातील सिंह बाजारात फिरायला गेला नव्हता. त्याच्यापर्यंत विषाणू माणसांमार्फतच पोहोचला असण्याची शक्यता सर्वाधिक होती.

अपवादही दृष्टीआड करू नयेत. जानेवारी २०२२ मध्ये हाँगकाँगच्या एका दुकानातील हॅमस्टरांकडून माणसाला संसर्ग झाल्याचे आढळले. थायलंडमध्ये तपासणी करताना मांजर तोंडावर शिंकल्याने एका पशुवैद्याला बाधा झाल्याची नोंद आहे. पण कोट्यवधी रुग्णांच्या साथीत अशी उदाहरणे विरळाच. साथ पसरली ती माणसाकडून माणसाकडे.

खरा धडा डेन्मार्कने दिला. मिंक हा मऊ केसांचा लहानसा प्राणी. श्रीमंतांच्या अंगावरील कोटासाठी तेथे सुमारे दीड कोटी मिंक अरुंद पिंजऱ्यांत वाढविले जात. कामगारांकडून विषाणू त्यांच्यात शिरला, दाटीत झपाट्याने पसरला, बदलला आणि पुन्हा माणसांत आला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशातील सर्व मिंक मारण्याची घोषणा झाली. निरोगी प्राणी सरसकट मारण्याचा कायदेशीर अधिकार शासनाला नव्हता, हे नंतर उघड झाले आणि कृषिमंत्र्यांना पद सोडावे लागले. घाईने पुरलेली कलेवरे फुगून जमिनीवर आली! प्राणी म्हणजे केवळ कच्चा माल, या दृष्टीचा शेवट असा झाला.

पण म्हणून भारतीय समाजाने स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. गोग्रास आणि काकबली यांची परंपरा घराघरांत आहे. ती परंपरा संकटाच्या पहिल्याच धक्क्याला विसरली जात असेल, तर ती आचारात उरली नाही असेच म्हणावे लागेल. भूतदयेची कसोटी भयाच्या काळातच लागते. त्याच टाळेबंदीत चौकाचौकात मुक्या प्राण्यांना अन्नपाणी देणारे तरुणही होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

दयेला विवेकाची जोड हवी. पूर्वजांनी शुचिता सांगितली, ती याचसाठी. घरातील व्यक्ती आजारी असेल, तर तिने काही दिवस प्राण्याला जवळ घेऊ नये, त्याची देखभाल दुसऱ्याने करावी. प्राण्याला हाताळल्यावर हात धुवावेत. त्याच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये. वटवाघळांच्या वस्त्या उद्ध्वस्त करू नयेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला २०२० मध्ये भारतातील दोन जातींच्या वटवाघळांत कोरोनाकुळातील विषाणू आढळले खरे, पण ते कोविडचे नव्हते. कीटकांना आवर घालणारा आणि फुलाफळांचा प्रसार करणारा हा जीव शेतकऱ्याचा मित्र आहे.

शासन आणि शास्त्रज्ञही याच दिशेने पावले टाकीत आले आहेत. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने तयार केलेली अ‍ॅनोकोव्हॅक्स ही प्राण्यांसाठीची लस जून २०२२ मध्ये जाहीर झाली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली. मनुष्य, पशू आणि निसर्ग यांचे आरोग्य एकच, हे त्यामागचे सूत्र. नामदेवांना ते सांगावे लागले नव्हते.

पुढची साथ कधी येईल, हे सांगता येत नाही. ती आली, तर दारातील मुक्या जिवाला बाहेर काढणारे हात किती आणि वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे किती, यावरून या समाजाची परीक्षा होईल. त्या परीक्षेची तयारी आजच, आपापल्या घरापासून व्हावी.