सीतेच्या वेणीची जोपासना

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, उन्हाळा सरून पहिला पाऊस येण्याच्या सुमारास, जुन्या आंब्या-फणसाच्या खोडांवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे जे लांब तुरे खाली लोंबू लागतात, ते सीतेची वेणी या वनस्पतीचे होत. ही ऑर्किड, म्हणजे मराठी परिभाषेत आमरी, या कुलातील अपिवनस्पती आहे. दुसऱ्या झाडाच्या अंगावर केवळ आधारापुरती राहणाऱ्या आणि त्याच्याकडून अन्नपाणी न घेणाऱ्या वनस्पतीस अपिवनस्पती म्हणतात. अशी वनस्पती आणि बांडगुळासारखी परजीवी वनस्पती यांच्यातला, पुस्तकात स्पष्ट असलेला भेद बागेत मात्र फारसा पाळला जात नाही. बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीच्या सालीखाली घुसवून तिच्यातील पाणी व क्षार ओढते आणि अखेरीस फांदी वाळवते, म्हणून ते काढावेच लागते. पण ते काढण्यासाठी झाडावर चढलेला गडी पुष्कळदा त्याच कोयत्याने सीतेची वेणीही खरवडून टाकतो, आणि जिने त्या झाडाचे काहीच घेतलेले नसते तिला फुकटची शिक्षा होते.

तिचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा असे असून भारत, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार, थायलंड येथपासून इंडोनेशिया व फिलिपाइन्सपर्यंत ती आढळते. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे ती राज्यपुष्प आहे. आसामात तिला कपौ फूल म्हणतात आणि बिहूचे नृत्य करणाऱ्या मुली तिचा तुरा अंबाड्यात माळतात. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या लॅटिन ग्रंथाच्या १६९३ मधील अखेरच्या खंडात तिचे चित्र आहे. या ग्रंथाच्या कामी रंग भट, विनायक पंडित व आपू भट या कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले होते, आणि त्यांचे नागरी लिपीतील निवेदन १६७८ च्या पहिल्या खंडात छापलेले आहे, हे येथे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

या वनस्पतीला एकच खोड असते, ते वर्षानुवर्षे शेंड्याकडे हळूहळू वाढत राहते, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पन्हाळीसारखी मुडपलेली, जाड, पट्ट्यासारखी पाने येतात. अनेक आमरींच्या बुडाशी पाणी साठवणारे फुगीर खोड असते, तसे हिला नसल्याने पाण्याची सारी बेगमी जाड पाने आणि मुळे यांच्यावर सोपवलेली असते. तुरा सुमारे हातभर लांब होतो व त्यावर शंभराहून अधिक फुले दाटीने येतात. प्रत्येक फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचे, पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट ठिपके असलेले आणि मधली पाकळी गर्द गुलाबी-जांभळी असलेले असते. बहर दोन ते तीन आठवडे टिकतो.

जोपासनेच्या दृष्टीने मात्र फुलांपेक्षा मुळांकडे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. पेन्सिलीइतकी जाड अशी ही मुळे काही सालीला चिकटून, तर काही हवेत मोकळी लोंबत असतात, म्हणून त्यांना वायवी मुळे म्हणतात. कोरडे असताना मूळ रुपेरी-पांढरे दिसते. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, तर ते पाहता पाहता हिरवे होते. याचे कारण असे की, मुळाच्या बाहेरील आवरण हे मृत, पोकळ पेशींच्या थरांचे असते. कोरडेपणी त्या पेशींत हवा भरलेली असल्याने ते पांढरे दिसते, आणि पाणी शोषले की ते पारदर्शक होऊन आतल्या थरातील हरितद्रव्य बाहेरून दिसू लागते. पावसाची सर येताच जेवढे मिळेल तेवढे पाणी झटकन टिपून घ्यायचे आणि मग वाऱ्यावर सुकायचे, अशीच या आवरणाची घडण आहे. ते सतत ओलेच राहिले, तर आतल्या जिवंत पेशींना हवा मिळत नाही व मूळ कुजते. आणि घरी आणलेल्या सीतेच्या वेण्यांपैकी बहुतेक पाण्यावाचून नव्हे, तर याच कुजीने जातात. कुंडीत काळी माती व शेणखत भरून तीत हे रोप पुरणे, ही गुलाब-मोगऱ्यावर केलेली माया या वनस्पतीच्या मुळावर येते.

म्हणून लागवडीला माती मुळीच वापरू नये. लाकडी पट्ट्यांची, सर्व बाजूंनी फटी असलेली टोपली घेऊन तीत लाकडी कोळशाचे मोठे तुकडे, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे थोडे तुकडे घालावेत, व रोप त्यावर अशा बेताने बसवावे की त्याचे खोड उघडे राहील आणि मुळे फटींतून हवी तशी बाहेर पडतील. सोडण पाणी धरून ठेवते, त्यामुळे कोकणच्या पावसात त्याचे प्रमाण अगदी कमी आणि पुण्यासारख्या कोरड्या हवेत थोडे अधिक असावे. अंगणात झाड असेल, तर टोपलीपेक्षा झाड केव्हाही चांगले. आंबा, फणस, चिकू यांची खरबरीत व टिकाऊ साल मुळांना धरायला सोयीची असते, उलट पेरू किंवा निलगिरी आपली साल सोलून टाकत असल्याने त्यांच्यावर बांधलेले रोप कधीच स्थिरावत नाही. बांधण्यासाठी काथ्याची दोरी किंवा जुन्या सुती कापडाची पट्टी वापरावी, कारण मुळे सालीला धरेपर्यंत ती टिकते आणि पुढे आपोआप कुजून गळते. तांब्याची तार वापरू नये, कारण तांब्याचा अंश आमरीच्या मुळांना बाधतो. बांधताना रोप किंचित बाहेर कललेले ठेवावे, म्हणजे शेंड्यातील पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. मुळांची टोके ताजी हिरवी दिसू लागली, की ती वाढीला लागली असे समजावे, आणि तीच लागवडीची वेळ. ती बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी येते. जुन्या, वाढ थांबलेल्या मुळांनिशी हलवलेले रोप पुढचे वर्ष फुलावाचून काढते, याचे नवल वाटू नये.

पाण्याचे वेळापत्रक कॅलेंडरवरून नव्हे, तर मुळांच्या रंगावरून ठरवावे. मुळे रुपेरी झाली की ती हिरवी होईपर्यंत पाणी द्यावे, आणि पुन्हा रुपेरी होईपर्यंत थांबावे. फेब्रुवारीपासून मेपर्यंतच्या कोरड्या दिवसांत, विशेषतः देशावर आणि विदर्भात, हे दिवसातून दोनदाही करावे लागते. हिवाळ्यात, वाढ मंद असताना, दिवसाआड किंवा त्याहूनही कमी पाणी पुरते, आणि हा थंड, कोरडा काळ पुढच्या बहराला पोषकच ठरतो. पावसाळ्यात उघड्यावरील झाडावर असलेल्या रोपाला वेगळे पाणी लागत नाही, मात्र टोपलीतील रोप पागोळ्यांच्या धारेखाली नसावे. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्र पडण्यापूर्वी पानांच्या बेचक्या सुकतात. शेंडा एकदा कुजला, की एकाच खोडावर वाढणाऱ्या या वनस्पतीला पुढे सरकायला वाट उरत नाही. क्वचित बुडातून नवा फुटवा येतो, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी मुळांवर पांढरा थर सोडते, तेव्हा शक्य असेल तेथे साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

उन्हाचे प्रमाण पानेच सांगतात. पाने गर्द हिरवी व लुसलुशीत झाली, तर उजेड कमी पडतो आहे आणि तुरा येणार नाही. पिवळट वा तांबूस झाली, तर ऊन जास्त आहे. सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर झाडाची किंवा निम्मे ऊन अडवणाऱ्या शेडनेटची सावली एवढे बस्स होते. खताची गरज तर याहूनही कमी, कारण रानात तिला खोडावरून ओघळणारे पावसाचे पाणी, कुजका पाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा यांतून मिळणाऱ्या अंशमात्र क्षारांवरच भागवावे लागते. शेतकऱ्यांच्या परिचयाचे १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम या प्रमाणात मिसळून, मुळे आधी साध्या पाण्याने भिजवून, वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा फवारावे.

पावसाळ्यात खरा उपद्रव गोगलगाईंचा. त्या दिवसा कोळशाच्या फटींत दडून बसतात व रात्री नेमकी मुळांची कोवळी हिरवी टोके खातात. टोक गेले की त्या मुळाची वाढ तेथेच खुंटते. रात्री विजेरी घेऊन त्या वेचणे हाच साधा व खात्रीचा उपाय होय. पानांच्या खालच्या बाजूस दिसणारी खवले कीड ओल्या फडक्याने पुसून काढता येते.

रोप मिळवावे कोठून, हा प्रश्न यानंतर उरतो, आणि त्याचे उत्तर रान हे नाही. आमरीचे बी धुळीच्या कणाएवढे असते व त्यात अंकुराला पोसणारा अन्नसाठा जवळजवळ नसतोच. रानात विशिष्ट बुरशीची संगत लाभली तरच ते रुजते, म्हणून एका बोंडातील हजारो बियांतून एखादेच रोप तगले तरी पुष्कळ. फुलणाऱ्या वयाचे रोप सालीवरून ओरबाडून आणले, तर कित्येक वर्षांची वाढ एका दिवसात नाहीशी होते, आणि तुटलेल्या मुळांमुळे ते बहुधा शहरात मरतेही. सबंध आमरी कुल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात समाविष्ट आहे, ते उगाच नव्हे. याला पर्याय फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले की, साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर आमरीचे बी बुरशीवाचूनही रुजवता येते, आणि आज प्रयोगशाळेतील बाटल्यांत रोपे तयार होतात ती याच तत्त्वावर. रोपवाटिकेतून असे रोप घेताना ते लहान आहे म्हणून मागे ठेवू नये. पाने टणक आहेत ना आणि निदान दोन-तीन मुळांची टोके हिरवी आहेत ना, एवढे पाहून घ्यावे. वादळात मोडून पडलेल्या आपल्याच बागेतील फांदीवरचे रोप मात्र, मुळांखालच्या सालीच्या तुकड्यासकट काढून, शेजारच्या आंब्यावर त्याच दिवशी बांधावे.