गाडी ओरडते, पण ऐकतं कोण?

(रेडिओवरच्या भाषणाचा मजकूर)

मी लालबागहून आले आहे. चाळीत राहते आणि परळ-दादर भागात शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. आज मी गाडीचा सायरन आणि त्याचा रिमोट यांच्याबद्दल बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, हा विषय आमच्या काय कामाचा? सांगते. बचत गटाची मालाची गाडी मुंबईला येते. कुणाची फुलं पहाटे दादरच्या फूलबाजारात उतरतात, कुणाचे पापड-लोणची प्रदर्शनाला येतात, कुणाची मिरची लालबागच्या मसाल्यांच्या दुकानात जाते. गाडी गटाची असो की भाड्याची, आतला माल आणि गल्ल्यातला पैसा तुमचाच असतो.

आणखी एक फेरी असते. ती कुणी हौसेनं करत नाही. परळला टाटा हॉस्पिटल आहे, समोर केईएम आहे, जवळच वाडियाचं मुलांचं हॉस्पिटल आहे. केईएम १९२६ सालचं आणि टाटा १९४१ सालचं. तेव्हापासून गावोगावची माणसं परळची वाट धरतात. पेशंटला घेऊन आलेल्या गाडीत काय असतं? तपासण्यांची फाईल, रिपोर्ट, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि उसनवारी करून आणलेले पैसे. ती पिशवी गेली तर दागिना गेल्यापेक्षा वाईट. दागिना पुन्हा होईल. पण तपासण्या पुन्हा करायच्या म्हणजे पैसे पुन्हा, रांग पुन्हा आणि पेशंटचे दिवस वाया.

म्हणून हा विषय. आधी हे यंत्र काय आहे ते बघू.

तुम्ही आत्ता मला रेडिओवर ऐकताय. तुमच्या हातातला गाडीचा रिमोट हेसुद्धा एक चिमुकलं रेडिओ केंद्रच आहे, बरं का. आपली गावाकडची रेडिओ केंद्रं ९० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, तर गाडीचे बहुतेक रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. बटण दाबलं की रिमोट गाडीला एक खुणेचा शब्द पाठवतो. गाडीत डॅशबोर्डच्या आड एक छोटी पेटी बसवलेली असते, ती हा शब्द ओळखते. मग दारांच्या आतल्या मोटरी कुलूप लावतात, इंडिकेटर लुकलुकतात आणि गाडी पहाऱ्यावर बसते.

चांगल्या सिस्टीममध्ये हा शब्द दर वेळी बदलतो. एकच उखाणा रोज घेतला तर शेजारणीलाही पाठ होतो. इथे दर वेळी नवा उखाणा, आणि पुढचा कुठला ते फक्त रिमोटला आणि गाडीला ठाऊक. स्वस्तातल्या काही सेटमध्ये मात्र शब्द एकच असतो. विकत घेताना दुकानदाराला सरळ विचारा, कोड बदलता आहे का?

पहाऱ्याला कोण कोण असतं? दाराच्या चौकटीत आणि बॉनेटखाली छोटी बटणं असतात. दार उघडलं की ती सुटतात आणि पेटीला कळतं. दुसरा असतो धक्क्याचा सेन्सर. काच फुटली, गाडी हलवली, की तो सांगतो. आणि ओरडणारा सायरन बॉनेटच्या आत असतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सायरन फक्त ओरडतो. तो चोराचा हात धरत नाही. इंजिन सुरूच होऊ न देणारी वस्तू वेगळी, तिला इमोबिलायझर म्हणतात. तो तुमच्या गाडीत आहे की नाही ते कागद बघून किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून माहीत करून घ्या. नुसता सायरन असेल तर सगळा भरवसा तो ऐकून खिडकीत येणाऱ्या माणसावर.

आणि तो माणूस येतो का? लांडगा आला रे लांडगा, ही गोष्ट आपण सगळ्यांनी मुलांना सांगितली आहे. आमच्या मुंबईत ती रोज रात्री घडते. बस गेली, गाडी ओरडली. मांजर बॉनेटवर बसलं, ओरडली. दिवाळीत फटाका वाजला, चार गाड्या एकदम. अनंत चतुर्दशीला लालबागचे गणपती गिरगाव चौपाटीकडे निघाले की ढोलताशांच्या दणक्यानं रस्त्याकडेच्या गाड्या कोरसमध्ये गायला लागतात. कोकणातल्या मैत्रिणींनी तर चाकरमान्यांच्या गाड्या आरतीच्या वेळी अंगणात बोंबलताना ऐकल्याच असतील! असं दहा वेळा झालं की अकराव्या वेळी कोणी खिडकी उघडत नाही. आमच्या चाळीत तर लोक उशी कानावर घेऊन म्हणतात, आला वाटतं त्याचा भोंगा. म्हणजे उगाच ओरडणारी गाडी स्वतःचंच राखण घालवते.

शिवाय ती इतरांची झोप घालवते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वस्तीसाठी ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल. गाडीचा सायरन जवळून १०० डेसिबलच्या वर जातो. परळला फुटपाथवर चादर अंथरून पेशंट आणि त्यांचे नातेवाईक निजलेले असतात. केमोथेरपी घेऊन आलेल्या माणसाला मोठ्या मुश्किलीनं डोळा लागतो. तिथे आपली गाडी रात्री दोनला बोंबलली, तर तो त्रास आपल्याच माणसांना होतो.

मग उगाच ओरडणं थांबवायचं कसं? बहुतेक वेळा कारण चारांपैकी एक असतं.

पहिलं, धक्क्याचा सेन्सर फार हळवा ठेवलेला असतो. त्याला कमी-जास्त करायला स्क्रू किंवा बटण असतं. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तो बेतात लावून घ्या. कसं तपासायचं? काचेवर तळहातानं हलकं थोपटलं तर ओरडू नये, जोरात थोपटलं तर ओरडावं.

दुसरं, दाराची बटणं गंजतात. दार लागलेलं असतं, पण पेटीला वाटतं उघडं आहे. मुंबईची खारी हवा आणि कोकणातला पाऊस, दोन्ही त्याला बाधतात. पावसाळ्याआधी आणि नंतर ती पुसून, साफ करून घ्यायची.

तिसरं, गाडीची बॅटरी उतरते. १२ व्होल्टची बॅटरी भरलेली असली तर गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. ती फार खाली आली की पेटी गोंधळते आणि सायरन मधूनच वाजतो. पहाऱ्यावरची गाडी थोडी थोडी वीज खातच असते. म्हणून गाडी नुसती उभी ठेवायची असेल, तर आठवड्यातून एकदा बरीच लांब चालवून आणा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर साफ करून घ्या.

चौथं कारण उंदीर. जुन्या गिरण्यांच्या आमच्या भागात ते भरपूर, आणि तुमच्याकडे कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावली की तिथेही. वायर कुरतडली की सायरन तरी थांबत नाही, नाहीतर वाजतच नाही. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून नजर टाका.

आता रिमोट. त्याच्यात छोटा सेल असतो. काहींत नाण्यासारखा चपटा, ३ व्होल्टचा. काहींत बोटाच्या पेराएवढा, १२ व्होल्टचा. आधी लांबून चालणारा रिमोट गाडीला चिकटून दाबावा लागला, की समजा सेल संपत आला. जुना सेल दुकानात दाखवून तसाच घ्या आणि बसवताना अधिक-उणे बघा. चपटा सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला तर अन्ननलिका जळते. गिळल्याची शंका जरी आली, तरी थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

रिमोट हे खेळणंही नाही. पोरांनी घरात बसून तो शंभर वेळा दाबला, तर रिमोट पुढच्या उखाण्यावर जातो आणि गाडी मागेच राहते. मग दोघांचं जुळत नाही. गाडीजवळ उभं राहून लागोपाठ दोनदा दाबलं की बऱ्याचदा जुळतं. नाही जुळलं तर फिटिंगवाल्याकडून जुळवून घ्यावं लागतं. आणि ओल्या हातानं, पिठाच्या हातानं रिमोट धरू नका. कमरेला खोचला तर घामानं खराब होतो.

सेल अचानक गेला तर? चावीनं दार उघडा. सायरन वाजेल, घाबरू नका. बाहेरून बसवलेल्या बहुतेक सिस्टीममध्ये एक लपवलेलं बटण असतं. चावी ऑन करून ते दाबलं की सायरन बंद होतो. ते कुठे आहे आणि किती वेळा दाबायचं, हे बसवतानाच विचारून घ्या. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकीला ते माहीत हवं. पण त्याचा कागद गाडीत ठेवू नका!

बऱ्याच सिस्टीम आणखी एक काम करतात. रिमोटनं कुलूप उघडलं आणि थोड्या वेळात दार उघडलं नाही, तर गाडी आपोआप पुन्हा बंद होते. म्हणून चावी आत टाकून कधीही उतरू नका. आणि मुलाला तर गाडीत एकटं ठेवूच नका, पाच मिनिटंही नाही. बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते. मूल आत अडकलं तर चावीवाल्याची वाट बघायची नाही. मुलापासून लांबची काच फोडायची. काच पुन्हा बसवता येते.

आता सवयींकडे येते. रिमोट दाबून पाठ फिरवू नका. इंडिकेटर लुकलुकले का बघा, आणि दाराचं हॅन्डल ओढून बघा. रिमोटचा आवाज दाबून टाकणारी यंत्रं काही चोरांकडे असतात. तुम्ही बटण दाबता, पण गाडीला ऐकूच जात नाही. हॅन्डल ओढलं की लगेच कळतं. दुसरी चाल जुनीच आहे. कोणी काचेवर टकटक करतं, सांगतं, ताई, तुमचे पैसे पडलेत, टायरमधून हवा जातेय. तुम्ही एका बाजूनं उतरता, दुसऱ्या बाजूनं पिशवी जाते. दार तुम्हीच उघडलेलं असतं, सायरन काय करणार? म्हणून फाईल आणि पैसे गाडीत ठेवायचेच नाहीत. हॉस्पिटलात जाताना पिशवी खांद्याला, आणि तीसुद्धा पुढच्या बाजूला.

नवी सिस्टीम बसवायची असेल तर गिरगावाला लागून ऑपेरा हाऊस आणि लॅमिंग्टन रोडचा भाग आहे. तिथे या वस्तूंची पुष्कळ दुकानं आहेत. पण तालुक्याच्या गावी बसवलेली बरी, कारण बिघडली तर रोज मुंबईला कोण येणार? कुठेही बसवा, तीन गोष्टी विचारा. वायर कापून जोडणार की कपलरला कपलर लावणार? वायर कापली तर कंपनीच्या वॉरंटीला अडचण येऊ शकते. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मिळेल का? पुण्याच्या एआरएआय या संस्थेची मान्यता आहे का? ही मान्यता असलेली वस्तू बसवून ऑटोमोबाईल असोसिएशनचा दाखला घेतला, तर मोटार विम्यात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २.५ टक्के सूट धरलेली आहे, जास्तीत जास्त ५०० रुपये. आपल्या विमा एजंटला त्याबद्दल विचारा.

गटाची गाडी असेल तर एक काम या बैठकीतच करा. रिमोट आणि चाव्या दोन असतात. एक चालवणारीकडे, दुसरी गटाच्या पेटीत. कोणी नेली, कधी परत आली, त्याची रजिस्टरला नोंद आणि सही. आपण दहा रुपयांचा हिशोब लिहितो, मग चावीचा का नको? याला एक कारण आहे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते. एक चावी हरवलेली आणि तिची नोंद कुठेच नाही, तर दावा अडकतो. गाडी दिसली नाही तर लगेच ११२ ला फोन, त्याच दिवशी पोलीस ठाण्यात एफआयआर आणि विमा कंपनीला खबर.

थोडक्यात काय, सायरन म्हणजे राखण करणारं कुत्रं समजा. त्याला वेळेवर खायला घाला, उगाच भुंकू देऊ नका आणि घर उघडं टाकून त्याच्या भरवशावर जाऊ नका. मग ते भुंकलं की शेजारी उठतील. आमच्या परळ-लालबागचे लोकही उठतील, आणि तुमच्या वाडीतलेही.

पुढच्या वेळी परळला याल, तेव्हा गाडी लावल्यावर हॅन्डल ओढून बघा. पेशंटला लवकर बरं वाटो.