दोन बायोडाटा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. सभेत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही आणि मी कोणी विदुषीही नव्हे. परंतु त्या म्हणाल्या, "पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी कशी मिळवलीत, एवढेच सांगा. ऐकणाऱ्या पुष्कळ आहेत." तेव्हा जे अनुभवास आले तेवढेच सांगते. त्यात माझी एक फजितीही आहे. ती मी आजवर घरीसुद्धा पुरती सांगितलेली नाही.

बायोडाटा हा शब्द आपणा बायकांना नवीन नाही. माझा पहिला बायोडाटा माझ्या वडिलांनी साताऱ्यात १९९८ साली लिहिला. तो अर्थातच लग्नाचा. जन्मवेळ, रास, नाडी, उंची, वर्ण, मामाचे कूळ, भावाची नोकरी असे सगळे त्यात होते आणि शेवटी 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द. मी त्या वेळी शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. झाले होते आणि एका हिशेबतपासनिसांच्या कचेरीत दीड वर्ष काम करीत होते. त्या दीड वर्षाला वडिलांनी एक ओळ दिली होती: 'सध्या नोकरी करते, नोकरीचा आग्रह नाही.' त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. त्या कागदाचे काम वेगळे होते आणि ते त्याने चोख केले. मी सांगलीला आले.

दुसरा बायोडाटा लिहायची वेळ त्यानंतर बावीस-तेवीस वर्षांनी आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईने काय केले, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. आमच्या कापडाच्या दुकानात पाणी माळ्यापर्यंत चढले. पाणी ओसरल्यावर चिखलातून साड्यांचे गठ्ठे ओढून काढताना आम्हां दोघांच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. कर्ज काढून पुन्हा माल भरला तो कोरोनाची टाळेबंदी आली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी. एके रात्री उठून पाहते, तो यजमान स्वयंपाकघरात दिवा लावून हप्त्यांचा कागद पुढे घेऊन बसलेले. मी काही बोलले नाही. पण आता आपणही कमवायचे, हे मी त्याच रात्री मनाशी ठरवले.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाकडे तयार नमुना होता. वर गणपती, भोवती लाल नक्षी. वडिलांचे नाव, पतीचे नाव, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, छंद: वाचन व संगीत. अनुभवाच्या ओळीशी तो थांबला आणि म्हणाला, "काकू, अनुभव काय लिहू?" मी म्हटले, "लग्नाआधीचा आहे थोडासा." तो म्हणाला, "तो आता चालत नाही." आणि त्याने टाइप केले, 'अनुभव: नाही'. मी निमूटपणे खाली सही केली. त्याच्या पंचवीस प्रती काढून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत वाटून आले. एकही उत्तर आले नाही.

आमच्या लहानपणी नोकरी शोधणे म्हणजे सेवायोजन कार्यालय. रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवाव्यात असा कायदा १९५९ साली झाला होता. माझ्या थोरल्या भावाचे कार्ड होते. त्याचे नूतनीकरण चुकले तर क्रम जाईल, म्हणून वडील त्याला धाक घालीत. मग 'कॉल' येण्याची वाट पाहायची. आता ती रांग फोनमध्ये आली आहे, असे मुले म्हणू लागली. म्हणून मीही फोन हाती घेतला आणि इथेच माझी फजिती झाली.

'घरबसल्या टायपिंग करा, महिना पंधरा हजार मिळवा, गृहिणींना प्राधान्य', अशी एक जाहिरात दिसली. मी नाव कळवले. तासाभरात गोड आवाजात फोन आला. नोंदणीचे पंधराशे रुपये भरले. मग अनामत म्हणून बत्तीसशे. काम आले, रात्री जागून केले. त्यावर निरोप आला की चुका फार आहेत, करार मोडला आहे, दंड भरा नाहीतर कोर्टाची नोटीस येईल. भगिनींनो, मी आठ दिवस दाराची कडी वाजली की दचकत होते. ते सत्तेचाळीसशे रुपये माझ्या भिशीचे होते. यजमानांना मी सांगितले की भिशी पुढे ढकलली.

आज हे उघड सांगते याचे कारण एकच. आपल्यापैकी कोणी आत्ता अशाच भीतीत असेल, तर तिने गप्प बसू नये. जो नोकरी देतो तो पैसे मागत नाही. नोंदणी, अनामत, गणवेश, प्रशिक्षण कोणत्याही नावाने पैसे मागितले की फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर कळवावे. हा सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. मला तो तेव्हा ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असता तरी लाजेने मी फिरवला असता की नाही, कोण जाणे.

त्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून आली. ती एका कंपनीत माणसे नेमण्याच्या खात्यात आहे. माझा लाल नक्षीचा कागद तिने पाहिला आणि विचारले, "मावशी, दुकानाचं खातं कोण लिहितं?"

"मीच."

"किती वर्षं?"

"धाकटा शाळेत जायला लागला तेव्हापासून. २००३ पासून."

"२०१७ ला जीएसटी आला, तेव्हा बिलं कोणी बदलली? वकिलाकडे कागद कोण नेतं? मंडळाच्या भिशीचा हिशेब कोणाकडे आहे?"

"माझ्याकडेच. पण त्याला काय नोकरी म्हणायचं?"

ती म्हणाली, "मग 'अनुभव: नाही' ही या कागदावरची एकमेव खोटी ओळ आहे."

त्या रात्री आम्ही नवा कागद केला. गणपतीला मी देव्हाऱ्यात नमस्कार केला आणि कागदावरून काढले. नक्षी गेली, जात-धर्म गेला, छंद गेले. वर माझे नाव, गाव, फोन आणि साधा ई-मेल पत्ता. त्याखाली तीन ओळींत मला काय येते ते. मग कामे, सर्वांत अलीकडचे आधी. 'कौटुंबिक कापड दुकानाचे हिशेब, २००३ ते २०२१: रोजमेळ, उधारीची वसुली, जीएसटीची बिले.' 'महिला मंडळाच्या ४२ सभासदांच्या भिशीचा हिशेब, ९ वर्षे.' आणि ते दीड वर्षही आले, सालासकट. भाचीला एके ठिकाणी 'व्यवस्थापक' लिहायचे होते. मी लिहू दिले नाही. केले तेवढे सगळे लिहावे, न केलेले एक अक्षरही लिहू नये. मुलाखतीत प्रश्न त्याच अक्षरावर येतो.

मला त्या वेळी माझ्या माहेरच्या जिल्ह्यातील एक गोष्ट आठवली. माण तालुक्यातील म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण पुष्कळशा प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या परत आल्या, साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा गेल्या. आपले अधिकारी यंत्रावर व्याज काढू देत, आम्ही तोंडी काढतो, असे त्यांनी तिथे सांगितले. १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माण देशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या बायकांना हिशेब आधीपासून येत होता. तो बँकेच्या लोकांपुढे कोणी मांडला नव्हता इतकेच.

आता हा कागद पाठवायचा कोठे? राज्य सरकारचे महास्वयम हे संकेतस्थळ आहे. आपल्या जुन्या सेवायोजन कार्यालयाचेच ते नवे रूप म्हणा ना. केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून आहे. नोंदणी दोन्हीकडे विनामूल्य. खासगीपैकी नोकरी डॉट कॉम १९९७ पासून चालू आहे. त्याखेरीज इंडीड आहे, लिंक्डइन आहे. सगळीकडे पसरण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी नीट माहिती भरावी. गावाच्या जागी नुसते 'सांगली' लिहू नये. मिरज, कुपवाड, जमत असेल तर सातारा-कराडही लिहावे. नवीन जागा निघाली की फोनवर सूचना यावी, अशी सोय असते ती चालू करावी.

एक गोष्ट मला भाचीने सांगितली नसती तर कळली नसती. मोठ्या ठिकाणी कागद माणसाच्या आधी यंत्र चाळते. जाहिरातीत जे शब्द असतात ते यंत्र कागदात शोधते. जाहिरातीत 'बिलिंग' आणि 'टॅली' असेल आणि आपण नुसते 'हिशेबाची आवड' लिहिले, तर आपला कागद तिथेच राहतो. म्हणून प्रत्येक जाहिरात दोनदा वाचावी आणि आपल्याला खरोखर येत असेल ते तिच्याच शब्दांत लिहावे. मला टॅली येत नव्हते, ते मी तीन महिने वर्गाला जाऊन शिकले. वर्गातली मुले मला 'काकू' म्हणत आणि अडले की माझ्याकडेच उधारी-वसुलीचे गणित घेऊन येत.

आधार क्रमांक, बँकेचे खाते हे बायोडाट्यात कधीही लिहू नये. कागद पीडीएफ करून पाठवावा आणि त्या फाइलला स्वतःचे नाव द्यावे.

कागदपत्रांचे सांगायचे राहिले. माझ्या गुणपत्रिका पुरात भिजून त्यांचा लगदा झाला होता. सातारा, सांगली, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांचे बोर्डाचे विभागीय कार्यालय कोल्हापुरातच आणि विद्यापीठही तिथेच. दुय्यम प्रतींसाठी हेलपाटे घातले. अलीकडे कित्येक गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात, तेव्हा प्रथम तिथे पाहावे. दुसरी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. दोन्हींना जोडणारा विवाह नोंदणीचा दाखला आयत्या वेळी सापडत नाही. सुना-लेकींनो, तो दाखला उद्याच शोधून ठेवा आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी कागद पोटमाळ्यावर नव्हे, फोनमध्येही ठेवा.

चार महिन्यांत मी ३८ अर्ज केले. फोन आले पाच. मुलाखती तीन. एके ठिकाणी वय ऐकूनच नकार मिळाला. दुसऱ्या ठिकाणी, "इतकी वर्षे घरीच होतात?" असे विचारले. मी कागदावरचे सगळे सांगितले, तरी त्यांनी मान हलवली नाही. घरी येऊन मी रडले, हेही सांगते. सासूबाईंनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सूनबाई, पूर दोनदा आला तरी दुकान उघडलंस ना? मग हे काय!"

तिसरी मुलाखत मिरजेच्या एका रुग्णालयात, बिलांच्या खात्यासाठी होती. त्यांनी एक बिल तपासायला दिले. औषधाची एक ओळ दोनदा लागली होती. अठरा वर्षे उधारीच्या वह्या तपासलेल्या डोळ्यांना ती दिसायला वेळ लागला नाही. पुढच्या सोमवारी मी कामावर रुजू झाले. पगार फार मोठा नाही, पण कर्जाचा हप्ता त्यातून जातो. आणि पहिल्या पगाराच्या दिवशी त्या सत्तेचाळीसशे रुपयांची गोष्ट मी यजमानांना सांगितली, निम्मी. उरलेली निम्मी ते आज, मागे उभे राहून ऐकत आहेत.

आता शेवटची विनंती. आपल्याच मंडळातील एक भगिनी, नाव घेत नाही, पतीच्या मागे दोन मुले वाढवते आहे. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "मला काय येतंय?" आम्ही दोघी बसलो. हळदीकुंकवाला दीडशे बायकांचा फराळ बारा वर्षे तिनेच केला आहे. सामानाची यादी, दरांची घासाघीस, मदतीला येणाऱ्या बायकांना काम वाटून देणे, शिल्लक रक्कम परत करणे हे सगळे तिचेच. आम्ही ते सालवार लिहिले. एका वसतिगृहाच्या भोजनगृहाची जागा निघाली होती, तिथे परवा अर्ज पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही. येईल किंवा येणारही नाही, मग दुसरीकडे पाठवू. परंतु 'अनुभव: नाही' ही ओळ तिच्या कागदावर आता नाही.

मंडळाने दर शनिवारी दुपारी दोन तास याच कामाला द्यावेत, अशी माझी सूचना आहे. संगणक एक पुरे, बसायला मी येईन. येताना प्रत्येकीने आपण आजवर काय काय केले ते एका कागदावर लिहून आणावे. आठवत नसेल तर सासूला, जावेला, शेजारणीला विचारावे. त्यांना ते आपल्यापेक्षा चांगले आठवते.