उंदराची जखम आणि माणसाची जखम

मधुमेह जडलेल्या माणसाच्या तळव्याला खडा बोंचतो. पायाची संवेदना मंदावल्यामुळें तें त्याला कळतही नाहीं. निरोगी माणसाची तेवढी जखम थोड्याच दिवसांत भरून येते. याची मात्र महिनोन्‌महिने चिघळत राहते आणि प्रसंगीं पाय कापण्याची वेळ येते. असल्या जखमेवर नवें औषध एकदम माणसावर योजणें धोक्याचें. म्हणून संशोधक आधीं प्राण्यांकडे वळतात. परंतु प्राण्याची जखम माणसाच्या जखमेविषयीं कितपत खरी साक्ष देते?

अमेरिकेंतील जॅक्सन प्रयोगशाळेंत उंदरांचा एक जन्मजात मधुमेही वाण आढळला. त्याचें वर्णन १९६६ सालीं प्रसिद्ध झालें. या उंदराची जखम सावकाश भरते, म्हणून तो संशोधकांना सोयीचा वाटला. तथापि उंदराच्या कातडीखालीं स्नायूचा पातळ थर असतो. नाडी ओढून पिशवीचें तोंड आवळावें, तशा जखमेच्या कडा आकसून जवळ येतात. माणसाची जखम मुख्यत्वें तळाशीं नवें मांस धरून आणि कडांकडून नवी त्वचा पसरून भरते. तेव्हां उंदराला गुण आला तो औषधानें कीं आकसण्यानें, हें कसें ओळखावें? यावर उपाय म्हणून जखमेभोंवतीं सिलिकोनचें कडें टाक्यांनीं बसवितात. मग आकसणें आवरतें.

डुकराची त्वचा माणसाच्या त्वचेला अधिक जवळची. १९६२ सालीं इंग्लंडांत जॉर्ज विंटर यांनीं डुकरांच्या उथळ जखमा पॉलिथीनच्या पापुद्र्यानें झांकून ओलसर ठेवल्या. खपली धरलेल्या उघड्या जखमांच्या मानानें त्यांवर नवी त्वचा सुमारें दुप्पट वेगानें आली. जखम वाळूं द्यावी, हा घरोघरचा समज त्यामुळें डळमळीत झाला.

पण तीं डुकरें निरोगी होतीं आणि जखमा ताज्या. जुनाट जखमेच्या पाठीशीं वार्धक्य, अपुरा रक्तपुरवठा, जंतू आणि रोजचा देहभार हीं सारीं असतात. तीं सर्व एकाच प्राण्यांत उभीं करणें कठीण. रक्तांतील एका वृद्धिकारक द्रव्यानें १९९० सालीं मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरल्या. त्याच जातीच्या द्रव्याचें मलम माणसांवर तपासलें, त्याचा निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाला: शंभरांपैकीं ५० रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या, औषधाविना मलम लावलेल्यांत ३५ जणांच्या. लाभ खरा, पण निम्मे रुग्ण तसेच राहिले.

तात्पर्य, ज्या प्रश्नाचें उत्तर ज्या प्राण्यापाशीं आहे, तोच प्रश्न त्याला विचारावा. ज्याचें उत्तर त्याच्यापाशीं नाहीं, त्यासाठीं केलेली जखम त्या मुक्या जिवाला व्यर्थ वेदना देते, आणि रुग्णाला व्यर्थ आशा.