प्रश्नामागे साठ सेकंद



बंगळुरूत मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी पी.यू.च्या विज्ञान वर्गात बसतो, तेव्हा त्याला विज्ञान नवे नसते. नवी असतात ती नावे. जडत्व, संवेग, परासरण त्याने नीट समजून घेतलेले असते. तरीही ‘इनर्शिया’, ‘मोमेंटम’, ‘ऑस्मॉसिस’ समोर येताच तो क्षणभर थबकतो.

हा क्षण महाग पडतो. कर्नाटकाच्या सी.ई.टी.त प्रत्येक विषयाच्या ६० प्रश्नांना ८० मिनिटे मिळतात. ‘नीट’मध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे अवघे ६० सेकंद. त्यांतले दहा-पंधरा मनातल्या मनात भाषांतर करण्यात गेले, तर विचाराला उरते काय?

२०१७ पासून ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते, म्हणून अनेक पालक निश्चिंत असतात. परंतु ती महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. बंगळुरूच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड यांतूनच निवड करावी लागते. शिवाय भाषांतराविषयी शंका उद्भवली, तर इंग्रजी पाठच प्रमाण मानला जातो. अर्ज भरताना हे कळणे म्हणजे फारच उशिरा कळणे.

मग मराठीतून शिकून मुलाचे नुकसान झाले का, असे पालक दबक्या आवाजात विचारतात. नाही. ज्याला परासरण उमगले आहे, त्याला एक शब्द तेवढा शिकायचा असतो; ज्याला केवळ ‘ऑस्मॉसिस’ पाठ आहे, त्याचे काम पुष्कळ अवघड. मात्र तो शब्द आठवीपासूनच वहीच्या समासात यायला हवा. कन्नड नावही शेजारी लिहावे: प्रकाशसंश्लेषणाला कन्नडमध्ये ‘द्युतिसंश्लेषणे’ म्हणतात, हे कळल्यावर मुले खुलतात.

शिकवणीचे शुल्क भरले की तयारी झाली, हा समज मात्र सोडावा. जुन्या इंग्रजी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून वाचणे, ‘नॉट’, ‘एक्सेप्ट’, ‘इनकरेक्ट’ या शब्दांखाली रेघ मारणे, हा सराव घरीही होतो. सी.ई.टी.त चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, ‘नीट’मध्ये एक कापतात, त्यामुळे एकीची सवय दुसरीत नेऊ नये.

या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी ही वाट स्वतः चालून आज डॉक्टर, अभियंते झाले आहेत. त्यांनी शनिवारी एक तास आठवी-नववीच्या वर्गात बसून एकच इंग्रजी प्रश्नपत्रिका मुलांकडून वाचून घ्यावी आणि प्रत्येक प्रश्न मराठीत सांगायला लावावा, एवढीच विनंती आहे.