बाळंतपण ही कुणाची मेहरबानी नव्हे



बायांनो, पोरांनो, आपल्या या जिल्ह्यानं, तेव्हाच्या कुलाब्यानं, २० मार्च १९२७ ला महाडचं तळं बघितलं. ते आपण दर जयंतीला सांगतो. पण पुढच्याच साली बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात बाळंतिणीसाठी उभे राहिले, हे भाषणांतून गळतं. राबणाऱ्या बाईला बाळंतपणाआधी नि नंतर विसावा मिळाला पाहिजे, त्यात देशाचंच हित आहे, त्याचा भार सरकारनं नि मालकानं उचलावा, असं त्यांनी ठणकावलं. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला.

पण तो कारखान्याच्या फाटकाशीच थांबला. पुढे १९६१ चा देशाचा कायदा आला. २०१७ साली त्यातली पगारी रजा पहिल्या दोन बाळंतपणांना बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. झकास! पण कुणाला? जिचं नाव हजेरीपटावर, तिला. उचल घेऊन पेणच्या वीटभट्टीवर गेलेली, मिठागरात राबणारी, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरणारी, अलिबागच्या बंगल्यात भांडी घासणारी, हिला रजा कोण देणार? माझी आई नववा लागला तरी विटा वाहायची. तिला सुट्टी दिली ती फक्त कळांनी.

आता हिशोब मांडू. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा म्हणतो, सरकारी नोकरीतल्या सोडून प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार. २०१७ साली मातृवंदना योजना आली. पहिल्या बाळाला पाच हजार, तेही हप्त्यांनी. सरकार म्हणतं, जननी सुरक्षेचे पैसे धरा. धरले! आपल्याकडे खेड्यातल्या दलित, आदिवासी नि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ते सातशे. झाले सत्तावन्नशे. तीनशे कुठं गेले, साहेब? दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर सहा हजार, मुलगा झाला तर मातृवंदनेचा छदाम नाही. पोटात नऊ महिने वागवताना बाईचं रक्त पोरगा-पोरगी बघून आटतं काय?

आणि हे सगळे कागद घेऊन दारोदार हिंडते कोण? आशाताई. तिला सरकार स्वयंसेविका म्हणतं, म्हणजे पगार द्यायला नको. बाईच्या बाळंतपणाचं काम बाईनंच स्वस्तात करायचं!

तरी जे कायद्यानं आहे ते सोडायचं नाही. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, न्यायची-आणायची गाडी, सगळं फुकट. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवा, फाडू नका. वस्तीतली अशी प्रत्येक चिठ्ठी आपण गोळा करू नि मोर्चानं नेऊन टेबलावर आपटू.

मागणी एकच. भट्टी असो, मिठागर असो, बंगला असो, प्रत्येक बाळंतपणाला बुडालेली मजुरी पुरी मिळाली पाहिजे. तळ्याचं पाणी आपण भीक म्हणून घेतलं नव्हतं. हेही घेणार नाही.